फोटोत चकाचक, जॅकवर भुगा : ऑनलाइन जुनी गाडी घेताना लपलेला गंज कसा पकडायचा

दिवाळीचा बोनस खात्यात पडला की मला फोन सुरू होतात. सुरुवात ठरलेली. "दादा, एक गाडी बघितली ऑनलाइन. फोटो टाकलेत, जरा बघा ना." फोटो उघडावेत तर लालभडक फियाट, नाहीतर काळी कॉन्टेसा, क्वचित दोन दारांची हेराल्ड. खाली ओळ : "एकहाती गाडी, गंज अजिबात नाही, घ्या आणि चालवा." फोन करणाऱ्याच्या आवाजावरून कळतं की सुपारी फुटलेली आहे, मला फक्त अक्षता टाकायला बोलावलंय.

मग श्रावणात दुसरा फोन येतो. "दादा, दाराखालून पत्रा सुटायलाय."

गेल्या सात-आठ वर्षांत हे इतक्या वेळा झालंय की एकदाच सगळं लिहून ठेवतो.

आपण मराठवाड्यातले लोक यात जास्त फसतो असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण आपली हवा. आपल्याकडे वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मुंबई-कोकणात तो दोन हजारांच्या वर जातो, शिवाय समुद्राची खारी हवा बाराही महिने. आपल्याकडची गाडी उन्हानं मरते. डॅशबोर्डला भेगा पडतात, काचेचं रबर वाळून चामड्यासारखं होतं, छताचा रंग खडूसारखा हाताला लागतो. पत्रा मात्र टिकतो. माझ्या मामाची फियाट परतूर रोडच्या शेतावर अकरा वर्षं उभी होती, आत कोंबड्या बसायच्या. तरी तिचा फ्लोअर आजही बुटानं दणका दिला तर टणकन वाजतो.

म्हणून आपली नजर लहानपणापासून रंग, सीट, रबर, टायर यांच्यावर तयार झालेली. किनाऱ्याकडची गाडी नेमकी उलटी असते. रबर मऊ, डॅशबोर्ड धड, रंग नवा, आणि खालून लोखंड गेलेलं. आपण ज्या गोष्टी बघून गाडी "चांगली" म्हणतो त्या तिच्यात सगळ्या चांगल्याच असतात.

मी स्वतः असाच फसलो, आणि मी सळईच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. भंगार भट्टीत जातं आणि सळई होऊन बाहेर येते, हे जालन्यात कुणाला सांगायला नको. दिवसभर लोखंडात वावरणाऱ्या माणसाला चौदा फोटोंनी गंडवलं.

२०१७ ची गोष्ट. स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची, आकाशी रंगाची. ही गाडी मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं १९६१ पासून बनवली. मूळ इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड, आकार इटलीच्या मिकेलोत्तीनं काढलेला. काटेकोर बोलायचं तर ही स्पोर्ट्स कार नाही. पण ट्रायम्फची खरी स्पोर्ट्स कार, स्पिटफायर, हिचीच चेसिस, म्हणजे बॉडीखालचा लोखंडी सांगाडा, आखूड करून केलेली होती. बायकोला मी एवढाच भाग सांगितला.

विकणारा किनाऱ्यावरच्या एका गावचा. माणूस बोलायला गोड. गाडी १ लाख ३५ हजारांना ठरली आणि टेम्पोत बसून आली. गल्लीतली पोरं तीन दिवस बोनेट उघडून मागत होती, कारण हेराल्डचं बोनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला अख्खं उलटतं. पहिला पाऊस झाला आणि ड्रायव्हरच्या पायाखालची चटई ओली लागली. मला वाटलं काचेच्या रबरातून गळतंय.

संभाजीनगरला एक म्हातारे डेंटर, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं काम करणारे, आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्याकडे नेली. त्यांनी आधी काही बघितलंच नाही. पेचकस उलटा धरला आणि मुठीनं दाराखालच्या पट्टीवर पुढून मागे वाजवत गेले. टण, टण, टण, ठप. "ठप"वर थांबले. पेचकस सुलटा केला आणि नुसता रेटला. टोक आत गेलं. हातोडी नाही, जोर नाही, पिकल्या पपईत सुरी जावी तसं. मग चटई उचलली. चटईखाली डांबरी शीट, शीटखाली काळा जाड रंग, रंगाखाली पॉप रिव्हेट मारलेला पातळ गॅल्व्हनाइज्ड पत्रा. आपल्याकडे कूलरला लावतात ना, तोच. आणि त्या कूलरच्या पत्र्याखाली मूळ फ्लोअर होता, म्हणजे त्याच्या कडा होत्या, मधे काही नव्हतं. चाचांनी एक तुकडा बोटात धरून चुरला आणि म्हणाले, "ये पत्रा नै मियाँ, पापड है."

घरी येऊन मी जाहिरातीचे चौदा फोटो पुन्हा काढले. चौदात एकही फोटो गुडघ्याच्या खालून घेतलेला नव्हता. सहा फोटोंत जमीन ओली, म्हणजे गाडी नुकतीच धुतलेली. आतल्या फोटोत चटई कोरी करकरीत आणि सीट पन्नास वर्षं जुनी. उत्तर माझ्या मोबाइलमध्ये पहिल्या दिवसापासून होतं.

गंज दिसत का नाही

लोखंडाला पाणी आणि हवा एकत्र मिळाली की गंज धरतो, मीठ असलं की तो वेग घेतो. एवढं शाळेतलं. गाडीत मुख्य गोष्ट वेगळी आहे. गाडीचा पत्रा सगळीकडे एकेरी नसतो. ताकदीसाठी दोन-तीन पत्रे घडी घालून, स्पॉट वेल्डिंग करून पोकळ डबे बनवलेले असतात. दाराखालचा सिल हा असाच डबा, घराच्या उंबऱ्यासारखा. बाहेरून त्याला रंगाचे चार हात, आतून जेमतेम एक, किंवा तोही नाही. पाणी आत शिरतं, खालची भोकं चिखलानं बुजलेली असतात, पाणी तिथेच बसतं. "पाणी अडवा, पाणी जिरवा" ही घोषणा आपल्या शिवारासाठी उत्तम, गाडीत मात्र अडलेलं पाणी लोखंडातच जिरतं.

गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. म्हणून तो फुगतो आणि रंगाला फोड येतात. फोड बाहेर दिसला याचा अर्थ गंज आतून निघून बाहेर पोचला आहे. विकणारा म्हणतो "वरवरचा आहे, घासून टचअप करा". दगडाच्या ओरखड्यावर धरलेला गंज वरवरचा असतो, तो सपाट आणि तांबूस दिसतो. दाराच्या खालच्या कडेला, सिलवर, चाकाच्या कमानीवर उठलेला फोड वरवरचा नसतो. तिथे नखानं टोचलं तर बहुतेकदा नखच आत जातं.

पाण्याच्या वाटेनं जा

गाडी कुठलीही असो, एकच प्रश्न धरून ठेवा. पावसाचं पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून बाहेर पडायला हवं?

पुढची काच घ्या. खालच्या दोन कोपऱ्यांत रबराखाली पाणी साचतं, तिथून डॅशबोर्डच्या मागे, तिथून पायाखालच्या फ्लोअरवर. वायपरजवळच्या जाळीतून आत गेलेल्या पाण्याला बाजूनं खाली जायची वाट असते आणि ती वाट पानांनी बुजते. इथे आपल्या गाड्याही सुटत नाहीत. कडुनिंबाखाली वर्षानुवर्षं लावलेल्या गाडीत त्या जाळीखाली निंबाच्या काड्यांचा अक्षरशः खत झालेला मी बघितलाय, आणि त्याखालचा पत्रा गेलेला.

दाराच्या आत काचेच्या पट्टीतून पाणी जाणारच, ते कंपनीनं धरलेलंच असतं. दाराच्या तळाशी त्यासाठी भोकं असतात. ती बुजली की दाराचा तळ जातो. डिकीचं रबर कडक झालं की पाणी स्टेपनीच्या खोलगट जागेत उतरतं आणि स्टेपनी तिथं डबक्यात बसते. बॅटरीखालच्या ट्रेला पाणी लागत नाही, ॲसिड लागतं, परिणाम तोच.

आणि मडगार्डच्या आतली खोबण. हेडलाइटच्या मागे आणि चाकामागे चिखल उडून तिथे थर बसतो. आपली काळी माती एकदा ओली झाली की ओल सोडत नाही, हे कापूस लावणाऱ्याला सांगायला नको. रस्ता वाळला, बोनेट तापलं, तरी त्या खोबणीतला गोळा आठवडाभर दमट असतो. तेव्हा "मराठवाड्याची गाडी आहे" एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. आपल्या गाडीचा फ्लोअर बहुधा चांगला निघतो, पण मडगार्डचा मागचा खालचा कोपरा आणि काचेखालची जाळी बघायचीच.

सगळ्या गाड्यांत गंजाची किंमत सारखी नसते

हे कळलं की भावात बोलता येतं. हेराल्डला वेगळी चेसिस आहे, बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसते आणि सिलही बोल्टनंच लावलेले. सिल सडले तर वाईट दिसतं, पण गाडी मोडत नाही. तिची खरी दुखणी खाली असतात. चेसिसपासून बाजूला निघालेले हात असतात, त्यांच्या टोकांवर बॉडी टेकते, आणि तीच टोकं कुजतात. स्पिटफायरला चेसिसच्या बाजूच्या पट्ट्या नाहीत, म्हणून तिथे सिलच ताकद देतो. एकाच घराण्यातल्या दोन गाड्या, पण सडलेल्या सिलचा अर्थ दोघींत वेगळा.

फियाट ११००, म्हणजे पद्मिनी, पुढे ११८ एनई, कॉन्टेसा आणि ॲम्बेसिडरसुद्धा, या सगळ्यांना वेगळी चेसिस नाही. बॉडी हीच चेसिस. तिथे सिल, फ्लोअर, मागच्या स्प्रिंगांचे आधार आणि पुढच्या सस्पेन्शनच्या माथ्याजवळचा पत्रा गेला तर गाडीचं हाड गेलं. कुणाकडे इंग्लंडहून आलेली एमजीबी, तिकडची जुनी स्पोर्ट्स कार, दिसली तर आणखी सावध. तिकडे थंडीत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. एमजीबीचा सिल आत-बाहेर मिळून तीन पत्र्यांचा आहे. बाहेरचा पत्रा नवा लावून आतले दोन तसेच कुजके ठेवणं ही तिथली जुनी चलाखी.

फोटो कसे वाचायचे

झूम करायच्या आधी एक हिशोब करा : कुठले फोटो नाहीत? विकणारा आठ फोटो समोरच्या जाळीचे देतो आणि एकही खालून देत नाही, तेव्हा तो विसरलेला नसतो.

मग बाजूच्या पत्र्यातलं प्रतिबिंब बघा. कंपाउंडची भिंत किंवा विजेचा खांब पत्र्यात सरळ दिसायला हवा. कमरेच्या उंचीला सरळ आणि खाली येता येता लाटा पडत असतील तर खाली लांबी भरलेली आहे. (बॉडीवर भरतात त्या पुट्टीला गॅरेजात लांबी म्हणतात.) ओल्या गाडीवर आणि संध्याकाळच्या उजेडात या लाटा दिसत नाहीत, म्हणून दुपारी बाराचा, कोरड्या गाडीचा फोटो मागा.

दाराभोवतीची फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर बारीक आणि खाली रुंद असेल तर गाडी मधून खचलेली आहे, विशेषतः उघड्या टपाच्या गाडीत. छत नसल्यानं तिथे सगळा भार सिलवर असतो.

खालचा फोटो मिळाला आणि सगळं एकसारखं काळंभोर, चमकदार दिसलं तर खूश होऊ नका. पन्नास वर्षांच्या गाडीचा तळ धुळकट, तेलकट, ठिगळाठिगळाचा असतो. विकायच्या आदल्या आठवड्यात मारलेलं अंडरकोटिंग, म्हणजे तळाला फासलेला जाड काळा थर, गंज थांबवत नाही, झाकतो. मला तर खालून तांबूस, कोरडी, बेधडक दाखवलेली गाडी जास्त विश्वासाची वाटते.

व्हिडिओ कॉल

फोटोंनी शंका येतात, खात्री व्हिडिओवर होते. मी विकणाऱ्याला आधी असा मेसेज टाकतो, जसाच्या तसा वापरा :

"नमस्कार. गाडी आवडली आहे. उद्या दुपारी बाराच्या सुमारास व्हिडिओ कॉल करू शकाल का? गाडी धुऊ नका, तशीच राहू द्या. चारही चटया आणि स्टेपनी काढून ठेवा. एक छोटं चुंबक, एक पेचकस आणि जॅक जवळ असू द्या. साधारण अर्धा तास लागेल."

या मेसेजला जे उत्तर येतं त्यात अर्धी गाडी कळते. खरा शौकीन उलट खूश होतो, म्हणतो या, सगळं दाखवतो. दुसरा म्हणतो, "गाडी बघायला आलेत की बोकड?"

कॉलवर सुरुवात चटईखालून करा. फ्लोअरवर कारखान्यातून आलेल्या पत्र्याला दाबून काढलेल्या उभ्या-आडव्या घड्या असतात, ताकदीसाठी. त्या घड्या चारही बाजूंना सारख्या दिसायला हव्यात. एका बाजूला घड्या आणि दुसऱ्या बाजूला सपाट मैदान असेल तर तिथे नवा पत्रा टाकलाय. टाकला म्हणून बिघडलं नाही, विचारायचं कशानं जोडला. सलग वेल्डिंग चालेल. रिव्हेट, ॲरल्डाइट, फायबरची जाळी यातलं काही दिसलं तर तिथेच नमस्कार.

मग चुंबक. पातळ फडक्यात गुंडाळून, रंगाला ओरखडा नको म्हणून, आधी छतावर लावायला सांगा. ओढ किती आहे ते त्याला कळू दे. मग दाराचा खालचा हातभर भाग, चाकांच्या कमानी, सिल, मडगार्डची मागची टोकं. ओढ कमी झाली की खाली लांबी. चुंबक पार सुटलं तर लांबी जाड आहे. इथे घाईनं निकाल देऊ नका. सुरुवातीच्या एमजीबीचं बोनेट ॲल्युमिनियमचं होतं, त्याला चुंबक लागणारच नाही. गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मची बॉडीच फायबरची, तिथे चुंबक घेऊन फिरणं म्हणजे विहिरीत आगपेटी शोधणं. तिचा गंज आतल्या सांगाड्यात बघायचा.

रंगाची जाडी मोजायचं मीटर कुणाकडे असेल तर आणखी बरं. कंपनीचा मूळ रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतो. जुन्या गाडीला एक-दोनदा रंग झालेलाच असतो, त्यामुळे अडीचशे-तीनशे दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. हजाराच्या वर आकडा गेला की एक मिलिमीटरचा थर झाला. तेवढा जाड रंग कुणी मारत नाही.

सगळ्यात बोलका प्रयोग जॅकचा. वेगळी चेसिस नसलेल्या गाडीत कंपनीनं दिलेल्या जागेवर जॅक लावायला सांगा आणि कॅमेरा दाराच्या फटीवर ठेवा. चाक उचललं जाईपर्यंत फट हलायला नको. मग दार उघडून लावायला सांगा. जमिनीवर असताना सहज लागणारं दार जॅकवर अडकत असेल तर सिल आणि फ्लोअरमध्ये दम उरलेला नाही. जॅकची जागाच चेपलेली किंवा "आपण इथे नको, तिकडे लावू" असं उत्तर आलं तर वेगळं काही बघायची गरज नाही. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली मात्र कुणी शिरू नये. विकणारा उत्साहानं घुसायला लागला तर त्याला थांबवा.

परभणीच्या एका मित्राची कॉन्टेसा मागच्या उन्हाळ्यात इथेच फिस्कटली. कॉन्टेसा आपल्या पिढीचा जीव. बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सची, १९८४ पासून निघालेली, इंग्लंडच्या व्हॉक्सॉलवर बेतलेली. लांब बोनेट, मागच्या चाकाला जोर. मित्र पार विरघळलेला. कॉलवर फ्लोअर दिसला, चुंबक चिकटलं, सगळं बरं चाललेलं. जॅक म्हटल्यावर विकणारा म्हणाला, जॅक नाही. मी म्हटलं, शेजाऱ्याकडून घ्या. तो म्हणाला, शेजारी गावाला गेलाय. मित्र मला वेगळ्या फोनवर म्हणतोय, "जाऊ दे ना राव, जॅकपायी कुठं गाडी सोडायलास?" मग मी त्या गावातला एक डेंटर शोधून दीड हजार देऊन पाठवला. त्यानं पाच मिनिटांत फोटो धाडला. जॅकच्या जागेत वर्तमानपत्र कोंबून वरून लांबी लावलेली होती. लांबी पडलेल्या जागी कागदावरचं राशिभविष्य वाचता येत होतं.

हा दीड हजाराचा खर्च टाळू नका. विकणाऱ्यानं सुचवलेला मेकॅनिक नको, आणि शक्यतो मेकॅनिकही नको, डेंटर हवा. इंजिनवाला माणूस इंजिन ऐकतो, पत्रा त्याला ऐकू येत नाही. त्याच्याकडे मोबाइलला जोडायचा वायरवाला कॅमेरा असेल तर सिलच्या भोकातून आत घालून थेट डब्याच्या पोटातलं दिसतं. आत तपकिरी पापुद्रे पडलेले दिसले की विषय संपला.

गाडी आयुष्यभर कुठे होती

नंबर प्लेटवर एमएच २१ किंवा २६ आहे म्हणून गाडी जालन्या-नांदेडचीच, असं नाही. आरसीवर पहिली नोंदणी कुठली, मधे एनओसी कुठून कुठे गेली ते बघा. एमएच ०७, ०८ किंवा मुंबईच्या कुठल्याही नोंदीत वीस वर्षं काढून दोन वर्षांपूर्वी इकडे आलेली गाडी ही किनाऱ्याचीच गाडी. मुंबईची असेल तर २६ जुलै २००५ ला ती कुठे उभी होती हे सहज विचारून घ्या. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे आपला वर्षभराचा पाऊस आणि वर थोडा. बुडालेल्या गाडीच्या सीटखालच्या सरकत्या पट्ट्या, डॅशबोर्डखालचे स्क्रू आणि हेडलाइटच्या वाटीचा तळ खोटं बोलत नाहीत. तिथला सुकलेला गाळ धुवायचं कुणाला सुचत नाही.

चेसिस नंबर जिथे ठोकलेला आहे त्याभोवतीचा पत्रा कॉलवर जवळून बघा आणि नंबर आरसीशी ताडा. त्या भागात गंज लागून कुणी पत्रा बदलला असेल, नंबर कापून पुन्हा जोडला असेल, तर डेंटर दुरुस्त करू शकणार नाही असं दुखणं गळ्यात पडतं. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणीला आरटीओत गाडी दाखवावी लागते. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमानं "व्हीए" मालिकेतला व्हिंटेज नंबर मिळू शकतो, नव्या नोंदणीला वीस हजार फी. पण तिथेही नंबर जुळला तरच.

घेऊन बसलोय, आता?

घाबरून अंडरकोटिंग मारू नका, ही पहिली विनंती. ओल आत कोंडली जाईल. आधी सगळी भोकं मोकळी करा, चटया काढून गाडी आपल्या उन्हात आठवडाभर दारं उघडी ठेवून उभी करा. याबाबतीत आपलं ऊन फुकटचं औषध आहे. मग टोचून सडका भाग आखून घ्या, खडूनं. दिसतो त्याच्या दुप्पट निघतो असं धरून पैसे बाजूला ठेवा. माझ्या हेराल्डच्या फक्त पत्रेकामाला १ लाख १० हजार गेले.

सडलेलं कापून नवा पत्रा जोडणं हाच इलाज. फ्लोअरला १८ गेज, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर, आणि बाहेरच्या पत्र्याला २० गेज पुरतो. पातळ पत्र्याला गॅसपेक्षा सीओटू वेल्डिंग बरं, पत्रा तापून वाकडा कमी होतो. वेगळी चेसिस नसलेल्या गाडीत सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत पाइपाचे आडवे टेकू वेल्ड करून घ्या, नाहीतर कापल्यावर गाडी खचते आणि नंतर दारं जन्मात बसत नाहीत. उघड्या टपाच्या गाडीत तर टेकूशिवाय कापू लागलेल्या माणसाचा हात धरा. दोन्ही बाजू एकदम कापू देऊ नका. गंज खाणारं फॉस्फोरिक ॲसिडचं रसायन वरवरच्या गंजाला चांगलं, भोकाला त्याचा उपयोग नाही. वेल्डिंग झाल्यावर डब्यांच्या आत मेणाचा फवारा मारा, तो सांध्यात झिरपतो आणि भोकं बुजवत नाही.

कमानपाटे (स्प्रिंगच्या जाड पट्ट्या), सायलेन्सर, ॲक्सल यांच्यावर तांबूस भुकटी दिसली म्हणून गाडी सोडणारेही भेटतात. ते जाड लोखंड आहे, तारेच्या ब्रशनं निघतं. त्यापायी माझ्या एका भाच्यानं लातूरची सुंदर फियाट सोडली आणि चार महिन्यांनी चकचकीत तळ असलेली दुसरी घेतली. तिचं सध्या चाचांकडे चालू आहे.

माझी हेराल्ड आता बरी आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी मामाकडे बैल धुतात, त्याच दिवशी मी गाडीची भोकं साफ करतो. सायकलच्या चाकाची जुनी आरी चांगली पडते, टोक घासून बोथट केलेली. दोन्ही दारांना तळाशी भोकं, डिकीत स्टेपनीखाली एक, जाळीखाली दोन्ही बाजूंना. आरी घालायची, फिरवायची, वरून तांब्यानं पाणी ओतायचं आणि खाली बसून बघायचं कुठून ठिबकतंय. यंदा ड्रायव्हरच्या बाजूच्या दारातून काहीच येईना. आरीनं ओढलं तर निंबाच्या तीन काड्या आणि एक लिंबोळी निघाली.